बेटावरचे गोडे पाणी

नीरा नदी सह्याद्रीत, भोरकडील डोंगरांत उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत मोजला, तर शंभर किलोमीटरही दूर नाही. परंतु भूमीचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे नीरा समुद्राकडे पाठ फिरवून निघते. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या दक्षिण अंगाने वाहत ती नरसिंहपूर येथे भीमेस मिळते, भीमा पुढे कृष्णेस मिळते, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास. हाकेच्या अंतरावर असलेला समुद्र सोडून आमच्या नदीचे पाणी असे साऱ्या दख्खनची वाट तुडवीत दुसऱ्याच समुद्राला जाते.

आमच्या शाळेतील पुष्कळशा मुलांनीही पश्चिमेचा समुद्र पाहिला नव्हता. म्हणून मी मुख्याध्यापक असताना एका वर्षी नाताळच्या सुट्टीत पाच दिवसांचे शिबिर मालवणास न्यावे, असे ठरले. चाळीस मुले-मुली, चार शिक्षक, सहा राहुट्या, दोन मोठी पातेली आणि शिधा एवढा संसार बसच्या टपावर चढला. फलटण, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर हा घाटमाथ्यावरचा प्रवास मुलांच्या परिचयाचाच होता. पुढे राधानगरीचे रान मागे टाकून बस फोंडा घाटाच्या तोंडाशी आली, आणि खालची कोकणपट्टी दिसताच गाडीतील गाणी आपोआप थांबली. जिकडे पाहावे तिकडे हिरवळ. बारामती-इंदापूरकडे वर्षभरात पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. येथे दोन हजारांहून अधिक. "एवढं पाणी यांना एकट्यालाच!" असा उद्गार मागच्या बाकावरून निघाला. तो इंदापूरच्या जिराईत भागातील एका मुलीचा होता. तिच्या गावात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येई, आणि हंड्यांची रांग तिला पाठ होती.

मालवण हे बंदराचे जुने गाव. तेथे पूर्वी मिठागरे होती. त्यावरून 'महालवण' आणि त्याचे 'मालवण' झाले, असे काहीजण सांगतात. माडांचे बन म्हणून मालवण, अशीही एक व्युत्पत्ती आहे. दोहोंपैकी कोणती खरी याचा निवाडा भाषापंडितांनी करावा. आम्हांला मात्र पाच दिवसांत माडही भेटले आणि मीठही.

किनाऱ्यालगतच्या एका माडाच्या बागेत राहुट्या ठोकण्याची परवानगी मिळाली होती. आमच्या काळ्या मातीत खुंटी एकदा ठोकली, की ती बैलालाही दाद देत नाही. येथे वाळूत ठोकलेली खुंटी दोर ताणताच लोण्यातून सुरी निघावी तशी वर येई. मुले घामाघूम झाली. बागेचे मालक, एक वृद्ध गृहस्थ, काही वेळ ही गंमत पाहत उभे होते. मग त्यांनी वाळूत हातभर खड्डा केला, खुंटीच्या मध्यावर दोर बांधून ती खड्ड्यात आडवी निजवली आणि वर वाळू दाबून टाकली. आडव्या खुंटीवर वाळूचे ओझे बसते. तिला वर यायचे, तर ते सारे ओझे उचलावे लागते. वाऱ्याची एकही झुळूक पुढे आमच्या राहुट्या हलवू शकली नाही.

भरती-ओहोटीचे गणितही त्यांच्याकडूनच मिळाले. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, असा कोकणात आडाखा आहे. आम्ही पोहोचलो तो दिवस शुद्ध अष्टमीचा. आठाची पाऊणपट सहा. सायंकाळी सहाच्या सुमारास पाणी चढत चढत वाळूवरील शेवाळाच्या रेषेपर्यंत आले आणि तेथे थबकले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. "ही भांगाची भरती," वृद्ध म्हणाले, "पुनवेला उधाण येईल, तेव्हा पाणी याच्याही वर येतं." स्थळपरत्वे या आडाख्यात थोडा फरक पडतो, तथापि घड्याळ नसलेल्या नाविकाचे काम त्यावर भागत आले आहे.

बागेत एक विहीर होती. तिला तिकडे 'बाव' म्हणतात. समुद्रापासून ती ऐंशी-नव्वद पावलांवर. मुलांनी समुद्राचे पाणी चाखून तोंडे वाकडी केलीच होती. त्यामुळे विहिरीचा पहिला पोहरा वर येताच कोणीही घोट घेईना. शेवटी एकाने धीर केला. पाणी गोड होते!

वृद्धांनी मुलांना गोळा केले. पोहऱ्याच्या दोराला पाण्याच्या पातळीच्या खुणेची एक गाठ मारली आणि सांगितले, "माणशी एक बादली आंघोळीला. मोटार लावायची नाही. संध्याकाळी ही गाठ मला दाखवायची." शेजारच्या बागेकडे बोट करून ते म्हणाले, की तेथे काही वर्षांपूर्वी विजेची मोटार बसली, दिवसरात्र पाणी उपसले गेले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली. माड थोडेबहुत खारे पाणी सहन करतो. तुळशीला आणि माणसाला ते चालत नाही.

विहिरीतले पाणी कमी होईल, हे मुलांना कळले. ते खारे का होईल, हे मात्र कळेना. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्गात मिळायचे होते.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, इंग्रज आणि डच या सर्वांची जहाजे पश्चिम किनाऱ्यावर वावरत असताना शिवछत्रपतींनी हे बेट हेरले आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी येथे किल्ल्याची पायाभरणी केली. सुमारे तीन वर्षांत काम पुरे झाले. बेटाचे क्षेत्र सुमारे अठ्ठेचाळीस एकर, आणि नागमोडी तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा. पायाचे चिरे शिसे ओतून बसविले आहेत. भोवती पाण्याखाली खडक दडलेले असल्यामुळे वाट ठाऊक असलेल्या तांडेलाशिवाय तेथे होडी नेणे धोक्याचे. आमची होडीही सरळ गेली नाही. ती वळणे घेत गेली. तट अगदी जवळ आला तरी दरवाजा दिसेना. दोन बुरुजांच्या कुशीत तो असा लपविला आहे, की त्याच्या पुढ्यात उभे राहिल्यावरच तो दिसतो.

इंदापूरच्या मुलांना येथे एक वेगळाच अभिमान वाटत होता, आणि तो अकारण नव्हता. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूर येथील लढाईत पडले. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीतले. त्यांपैकी सुपे हे आज बारामती तालुक्यात आहे. कोरड्या माळरानावर ज्या घराण्याची घोडी दौडली, त्याच घराण्यातील पुरुषाने समुद्राच्या पाठीवर किल्ला उभारला. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तेथील मूर्ती नावाड्याच्या वेशात असल्याचे सांगतात. दरवाज्याजवळ चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसेही भाविकपणे दाखविले जातात. "आमच्या पळसदेवचे देऊळही पाण्यातच आहे," असे एका मुलाने मध्येच सांगितले. उजनी धरणाच्या पाण्यात बुडालेले ते प्राचीन देऊळ पाणी ओसरले म्हणजे वर दिसू लागते. परंतु ते देऊळ पाण्याने गाठले. हा किल्ला मात्र आपण होऊन पाण्यात उतरला आहे.

किल्ला पाहणारे लोक तटावरून फिरतात, ठशांना हात जोडतात आणि परत होडीत बसतात. माझ्या मते किल्ल्यातील सर्वांत महत्त्वाची जागा निराळीच आहे. ती म्हणजे तेथील तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावांवरूनच त्यांच्या पाण्याची चव कळावी. तोफा, दारूगोळा आणि धान्य होडीने आणता येते. परंतु शत्रूच्या जहाजांनी वेढा घातल्यावर पिण्याचे पाणी कोठून आणणार? शेकडो माणसे खाऱ्या पाण्याच्या मधोमध तहानेने कासावीस होतील आणि अभेद्य तटाचे दार आतूनच उघडावे लागेल. या तीन विहिरी नसत्या, तर कुरटे बेट हे माशांचे व पाणकावळ्यांचेच राहिले असते.

किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. साखरबावेपाशी त्यांपैकी एक आजीबाई उभ्या होत्या. आमच्या मुलांनी हौसेने एकामागून एक कळशी ओढायला प्रारंभ केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "वायच जपान रे झिलांनो! ही बाव आमची आवस आसा." आवस म्हणजे आई. हा शब्द मुलांना इतका आवडला, की पुढचे तीन दिवस शिबिरात कोणी पाणी सांडले की चारी बाजूंनी "आवस! आवस!" असा गजर होई.

रात्री शेकोटीभोवती बसून आम्ही एक प्रयोग केला. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत समुद्राचे पाणी घेतले. बावीच्या पाण्यात दोन आमसुले चुरून त्याला लाल रंग आणला, आणि ते पाणी चमच्याच्या पाठीवरून हलकेच पेल्यात सोडले. ते खाली गेले नाही. खाऱ्या पाण्यावर ते लाल गालिच्याप्रमाणे पसरून राहिले. एक लिटर गोडे पाणी हजार ग्रॅम भरते. समुद्राचे पाणी मिठामुळे सुमारे एक हजार पंचवीस ग्रॅम. हलके ते वर, जड ते खाली.

लहान बेटांवर आणि वाळूच्या किनाऱ्यांवर जमिनीच्या पोटात हेच घडते. पावसाचे पाणी वाळूतून, खडकांच्या फटींतून खाली मुरते. खाली समुद्राचे पाणी आधीच शिरलेले असते. त्याच्यावर हे गोडे पाणी मसुरीच्या दाण्याच्या आकाराने, म्हणजे मध्ये जाड व कडांना पातळ, असे तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ साली हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने याचे गणित स्वतंत्रपणे मांडले. गोडे पाणी समुद्रसपाटीच्या वर एक हात असेल, तर ते खाली सुमारे चाळीस हातांपर्यंत असते. मुलांना हे ऐकून मोठा आनंद झाला. एवढा मोठा ठेवा! मी म्हटले, "आता हेच गणित उलटे करा." क्षणभर शांतता पसरली. मग टँकरच्या गावची ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, वरचं पाणी एक हात उतरलं, तर खालचं खारं पाणी चाळीस हात वर येईल."

शेजारच्या बागेतील विहीर कशी बिघडली, हे आता कोणाला सांगावे लागले नाही.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. भूमध्य समुद्रात सिसिलीच्या दक्षिणेस माल्टा नावाचे बेट आहे. त्याची तटबंदीची राजधानी व्हॅलेटा पाहण्यास आणि समुद्रकाठी सुट्टी घालविण्यास देशोदेशींचे लोक जातात. १५६५ साली तुर्कांनी या बेटाला वेढा दिला होता. तो उठल्यावर पुढच्याच वर्षी, म्हणजे सिंधुदुर्गाच्या सुमारे शंभर वर्षे आधी, व्हॅलेटाचा पाया घातला गेला. त्या बेटावर बारमाही नदी नाही. म्हणून प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असलेच पाहिजे, असा नियम तेथे करण्यात आला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा १६१० ते १६१५ या काळात दगडी नळमार्ग बांधून दूरच्या झऱ्यांचे पाणी शहरात आणले. पुढे विहिरी व पंप आले, भूमीखालच्या गोड्या पाण्याचा उपसा वाढला आणि ते खारटू लागले. आज तेथील पिण्याच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून मिळवितात. त्याला वीज लागते आणि खर्चही पुष्कळ येतो. व्हॅलेटा १९८० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून सिंधुदुर्गाचे नाव त्या यादीत जुलै २०२५ मध्ये आले. यादीत तट, बुरूज आणि दरवाजे यांची वर्णने असतात. टाकी आणि विहिरी वाचकाने शोधून काढाव्या लागतात.

शेकोटी विझत आली होती. नीरा डाव्या कालव्याच्या काठच्या गावचा एक मुलगा इतका वेळ लाल पाण्याच्या पेल्याकडे पाहत गप्प बसला होता. तो उसाच्या बागाइतदाराचा मुलगा. पाण्याची चिंता त्याच्या घरी कोणी केलेली नव्हती. तो म्हणाला, "आमच्याकडं समुद्र नाही. तरी आमचा खालच्या अंगाचा दोन एकरांचा तुकडा पांढरा पडलाय. उन्हाळ्यात मिठासारखा खार फुटतो. ऊस वीतभरसुद्धा वाढत नाही. आबा म्हणतात, जमिनीचं नशीब फिरलं."

त्या रात्री झोपायला उशीर झाला, कारण या प्रश्नाला अर्धवट उत्तर देणे योग्य नव्हते. नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतरचा. १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी वाहू लागले. त्याने आमच्या भागाला भाकरी दिली, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु काळी जमीन पाणी धरून ठेवते. कालव्याचा पाझर आणि उसाला पाटाने दिलेले बेसुमार पाणी सखल भागात साचते, आणि भूमीखालची पातळी चढत चढत मुळांपर्यंत येते. मातीतले क्षार त्या पाण्यात विरघळलेले असतात. उन्हाने पाणी उडून जाते. क्षार मागे, वर राहतात. तोच तो पांढरा थर. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एका सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. म्हणजे हे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्याचे निदानही तितकेच जुने आहे.

"मग बेटावर पाणी काढलं म्हणून मीठ वर आलं, आणि आमच्याकडं पाणी घातलं म्हणून," तो मुलगा म्हणाला. इतके नेमके वाक्य मला स्वतःला सुचले नसते. जिराईत गावच्या मुलीने त्याच्याकडे वळून विचारले, "तुमच्या त्या दोन एकरांत मुरलेलं पाणी आमच्या गावाला किती दिवस पुरलं असतं रे?" तो काही बोलला नाही. मीही मध्ये पडलो नाही. मुलांमुलांत जे बोलणे व्हायचे, त्यात मोठ्यांनी लगेच शहाणपण ओतू नये.

पुढचे दिवस आनंदात गेले. रापण ओढणाऱ्या कोळ्यांच्या हातांना हात लावून मुलांनी जाळे किनाऱ्याला आणले आणि मासळीच्या वाट्यातून एक टोपली मानाने मिळविली. शाकाहारी मुलांनी सोलकढीवर ताव मारला. पाण्याची व्यवस्था मात्र मुलांनी माझ्या हातून काढून आपल्या हाती घेतली होती. कालव्याकाठच्या त्या मुलाने एक वही केली. तीत सकाळ-संध्याकाळ गाठ पाण्यापासून किती बोटे वर आहे, हे तो लिहून ठेवी. दुसऱ्याच दिवशी त्याच्या ध्यानात आले, की कोणीही पाणी न काढता बावीची पातळी चार-पाच बोटे वर-खाली होते. भरती आली, की काही वेळाने बाव चढते. ओहोटी लागली, की उतरते. समुद्राने जमिनीखालून बावीचा हात धरलेला आहे, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. त्यामुळे पातळी मोजायची, तर ती भरतीच्या एकाच टप्प्याला मोजली पाहिजे, हेही त्याने आपणहून ठरविले, आणि तिथीची पाऊणपट त्याच्या वहीत शिरली.

निघण्याच्या सकाळी वृद्ध मालकांनी दोर सोडून पाहिला. गाठ पाण्यावर तीन बोटे होती. "चाळीस माणसांच्या मानानं ठीक," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी ती गाठ सोडविली नाही. दोर तसाच गुंडाळून ठेवला.

आम्ही बारामतीस परतलो. सुमारे महिन्याने तो मुलगा तीच वही घेऊन माझ्याकडे आला. शेताच्या त्या पांढऱ्या तुकड्यात त्याने कोपऱ्यात एक खड्डा खणला होता. दीड हातावरच पाणी लागले होते. त्याने ते चाखलेही होते. वहीच्या नव्या पानावर रोजची नोंद होती: उसाला पाणी दिले त्याच्या दुसऱ्या दिवशी खड्ड्यातील पातळी किती चढली, पाळी लांबविली तेव्हा किती उतरली. आबांनी पहिले आठ दिवस या खड्ड्याला नावे ठेविली. नवव्या दिवशी ते स्वतः काठी घेऊन मोजायला आले. शेती खात्याच्या माणसाला त्यांनी शेत दाखविले, आणि त्याच उन्हाळ्यात उताराच्या अंगाने पाणी काढून देणारा चर खणायला घेतला. चराच्या तोंडाशी पहिले पाणी वाहू लागले, तेव्हा मुलगा ते एका बाटलीत भरून शाळेत घेऊन आला आणि प्रयोगशाळेच्या फळीवर त्याने ती ठेविली. शेजारीच मालवणच्या समुद्राच्या पाण्याची बाटली होती. वर्गातील प्रत्येकाने दोन्ही बाटल्यांतील थेंब थेंब जिभेवर ठेवून पाहिला.